पावणेसोळा गुंठ्यांची थाळी

फेब्रुवारीच्या अखेरीस, विज्ञान दिनाच्या सुमारास, नारायणगावहून खोडदकडे जाणारा रस्ता शाळांच्या गाड्यांनी गजबजतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, टोमॅटोचे मळे, आणि एका वळणावर अचानक आभाळाकडे तोंड करून बसलेली जाळीची अवाढव्य थाळी. मग दुसरी. मग तिसरी. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. एरवी इथला कारभार शास्त्रज्ञांचा, अगदी निवांत. पण विज्ञान प्रदर्शनाला फाटक उघडतं आणि जुन्नर-आंबेगावची पोरं आपापले प्रयोग काखोटीला मारून आत येतात. आत शिरताना एकच ताकीद: मोबाईल बंद. का, ते सांगतोच.

थाळीखाली उभं राहिल्यावर एका मुलाने मान मागे टाकून विचारलं, "सर, ही किती गुंठे भरंल?" मी म्हणतो, खगोलशास्त्रातला याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही! चला, मोजूच. थाळीचा व्यास 45 मीटर, म्हणजे रेल्वेचे दोन डबे एकापुढे एक. क्षेत्रफळ सुमारे 1,590 चौरस मीटर. गुंठा 101 चौरस मीटरचा. म्हणजे पावणेसोळा गुंठे! पावणेसोळा गुंठ्यांचं शिवार उचलून खांबावर ठेवलंय, आणि ते हवं तिकडे फिरतंय.

आता ही थाळी पाण्याने भरली तर? पोलादी तारांची जाळी आहे, भोकांतून बोटाचं पेर आत जाईल, पाणी थांबायचं नाही. पण समजा थांबलं. मध्यभागी ती जवळपास सात मीटर खोल. मावेल 54 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 540 टँकर! वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा काठोकाठ भरलेल्या पंधरा विहिरी एका थाळीत रिकाम्या होतील. आणि अशा थाळ्या आहेत तीस. साडेचारशे विहिरी. क्षेत्र धराल तर पावणेबारा एकरांहून जास्त.

जाळीच का, याचं उत्तर गोविंद स्वरूप या माणसापाशी येतं. जीएमआरटी त्यांच्या कल्पनेतून उभी राहिली. रेडिओलहरी इतक्या लांब असतात की त्यांना जाळीची भोकं दिसतच नाहीत, त्या सरळ परावर्तित होतात. वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका झाला, खर्च आटोक्यात आला आणि तीस थाळ्या परवडल्या. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर एवढा डोलारा!

चौदा थाळ्या मधल्या एक चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीवाटीने, बाकी सोळा तीन फाट्यांवर दूर पांगलेल्या. दोन टोकांमधलं अंतर 25 किलोमीटरपर्यंत. मुंबई-पुणे अंतर दीडशे धरलं तर त्याचा सहावा हिस्सा व्यापणारा एक डोळा. तो किती तीक्ष्ण? एक रुपयाचं नाणं सव्वादोन किलोमीटरवरून जेवढं दिसेल, तेवढ्या बारकाईपर्यंत तो जातो. तुमचे डोळे तसे असते तर पुण्यात बसून मुंबईत दीड मीटर अंतरावर ठेवलेले दोन दिवे तुम्हाला वेगवेगळे दिसले असते.

हा एक डोळा होतो तो थाळ्यांचे संकेत जोडीजोडीने ताडून. तीस थाळ्यांच्या जोड्या किती? प्रत्येकीने प्रत्येकीशी एकदा हस्तांदोलन करायचं, तर 435. प्रत्येक थाळीतून संकेतांच्या दोन धारा येतात, आणि 400 मेगाहर्ट्झची पट्टी टिपायची तर प्रत्येक धारेत सेकंदाला 80 कोटी नोंदी हव्यात. तीस थाळ्यांच्या मिळून 4,800 कोटी. एका सेकंदात! भारतातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला सेकंदाला तेहतीस नोंदी येतील. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या वाट्याच्या डझनावारी झाल्यासुद्धा.

एवढा पसारा गोळा काय करतो? इथे आकडे उलटे पळू लागतात, आणि मला खरी धाप इथेच लागते. एक मिलिजान्स्कीचा (रेडिओ स्रोताची तीव्रता मोजायचं हे एकक) स्रोत घ्या. जीएमआरटी याहून कितीतरी क्षीण स्रोतही टिपते. त्याची सगळी ऊर्जा, तीसही थाळ्यांवर पडलेली, कणभर वाया न घालवता साठवायची. तांदळाचा एक दाणा एक मिलिमीटर वर उचलायला ती किती दिवसांत पुरेल? दिवसांत नाही, तीस वर्षांहून जास्त लागतील! आज पहिलीत असलेलं पोर तोवर स्वतःच्या पोराला पहिलीत घालायला नेईल. आणि नऊ वॅटचा एलईडी दिवा एक सेकंद लावायचा असेल, तर थांबा 150 कोटी वर्षं.

म्हणून मोबाईल बंद. एखादा साधा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू केला, तर तो आभाळातल्या ठळक रेडिओ स्रोतांत जाऊन बसेल. चंद्रावर! आणि तुमचा तर खिशात आहे.

आता अंतर. मुंबई-पुणे प्रकाश सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्शात गाठतो. तोच प्रकाश वर्षभर धावला की 9.46 लाख कोटी किलोमीटर होतात. किलोमीटरला एक रुपया भाडं लावू, एसटीहूनही स्वस्त. सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याचं तिकीट होईल 40 लाख कोटी रुपये. भारत सरकारचा 2025-26 चा अख्खा अर्थसंकल्प 50 लाख कोटींच्या थोडा वर. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या खर्चातले ऐंशी टक्के एका तिकिटात गेले, तेही शेजाऱ्याकडे जायला, तेही एकट्याचं.

थांबू नका, आणखी पुढे. जानेवारी 2023 मध्ये बातमी आली: खोडदच्या या थाळ्यांनी एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची हाक, म्हणजे त्याची रेडिओलहर, ऐकली. निघाली तेव्हापासून तिला 880 कोटी वर्षं झाली होती. पृथ्वी जन्मायला तेव्हा आणखी चारशे कोटींहून अधिक वर्षं होती. द्राक्षं नव्हती, जुन्नर नव्हतं, सह्याद्री नव्हता, सूर्यसुद्धा नव्हता! वाटेत दुसरी एक दीर्घिका आडवी आली आणि तिने भिंग होऊन ही कुजबूज सुमारे तीसपट मोठी केली, तेव्हा कुठे ती कानावर पडली. या वाटेचं भाडं, त्याच एका रुपयाने? देशाचे दीडशे कोटींहून अधिक वर्षांचे अर्थसंकल्प.

आणि ही लाट निघाली तेव्हा होती 21 सेंटीमीटरची. पसरणाऱ्या विश्वात वाटेवर ताणली गेली. खोडदला पोचली तेव्हा 48 सेंटीमीटर. गुंठे विचारणाऱ्या त्या पोराला मी हात पसरायला सांगितला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत: एवढी निघाली. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत: एवढी पोचली. तो आधी आपल्या वितीकडे बघत राहिला, मग हाताकडे, आणि मग मान वर करून थाळीकडे.