हवेतील अदृश्य भट्टी

शहराच्या हवेची चर्चा निघाली की ती बहुधा धुळीपाशी सुरू होते आणि धुळीपाशीच संपते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, समावेश झाला. त्या कार्यक्रमाचाही मुख्य भर धूलिकण कमी करण्यावरच आहे. धूळ डोळ्यांना दिसते, म्हणून तिची दखल घेतली जाते. जे दिसत नाही त्याचे काय?

वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतील रंगकाम, पेट्रोलपंप, रस्त्यावरची वाहने आणि जळणारा कचरा यांतून सेंद्रिय बाष्पे अहोरात्र हवेत मिसळत असतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा शहरात कचरा साचला आणि ठिकठिकाणी तो पेटविला गेला. धूर विरला की संकट टळले, असे आपण मानतो. वस्तुतः खरी कथा तेथून पुढे सुरू होते.

सूर्यप्रकाश आणि पाण्याची वाफ यांच्या साहाय्याने हवेत हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत क्रियाशील घटक तयार होतो. त्याचे आयुष्य जेमतेम सेकंदाचे. पण तेवढ्यात तो सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. हा खरे तर निसर्गाचा सफाई कामगार. मात्र वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे त्या जागी हजर असली की या सफाईतूनच नवी घाण निर्माण होते. बाष्पाचे अवशेष नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड करतात. ऊन त्याचे विघटन करते. सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतील ऑक्सिजनला मिळतो आणि ओझोन जन्मास येतो. जोडीला फॉर्मल्डिहाइड आणि फुप्फुसात खोल शिरणारे सूक्ष्म कणही तयार होतात. उंचावरचा ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा मात्र श्वसनमार्ग होरपळून काढतो.

लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे हे कोडे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास सोडविले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर ऊन मुबलक. म्हणजे भट्टीला सरपणाची वाण नाही!

हा ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. म्हणून एकेका धुराड्याची तपासणी करून तो सापडणारही नाही. वारा पश्चिमेचा असला की वाळूजची बाष्पे शहरातील वाहनांच्या धुरात मिसळणार आणि त्यांचे फळ पूर्वेकडच्या शिवारापर्यंत पोहोचणार. गहू आणि सोयाबीन ही पिके ओझोनला विशेष बळी पडतात. शहराच्या धुराचा भुर्दंड शेतकऱ्याने का सोसावा?

२००९ च्या राष्ट्रीय मानकांत ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. बेंझिनलाही मर्यादा आहे; परंतु एकूण सेंद्रिय बाष्पांना नाही. केवळ वाहने थांबविणेही पुरेसे नाही: २०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड घटला, तरी ओझोन घटला नाही, काही ठिकाणी तो वाढला.

तेव्हा रस्ते झाडून ओझोन घालवू पाहणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बाष्पांचे नियमित मोजमाप, रंगकामातील द्रावकांची पुनर्प्राप्ती, पेट्रोलपंपावर बाष्प अडविणारी यंत्रणा आणि कचरा जाळण्यावरील बंदीची खरीखुरी अंमलबजावणी, हे उपाय ज्ञात आहेत आणि आवाक्यातलेही आहेत. धुळीच्या आकड्यांवर समाधान मानण्याऐवजी नागरिकांनी आता या अदृश्य भट्टीचा हिशेब मागितला पाहिजे.