लोणारच्या पाण्यातील मोजदाद

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. वनविभागाने घेतलेले नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकर संस्थेत नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर गुलाबी साका तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. म्हणजे रंग पाण्यात राहणाऱ्या जीवांचा होता. हे जीव म्हणजे हॅलोआर्किया: अतिखारट पाण्यात वाढणारे, तांबूस रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव.

सरोवरात आणखी कोण राहते आणि किती संख्येने, हे मात्र असे डोळ्यांना दिसत नाही. अशनीपाताने बेसॉल्टमध्ये झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाणी खारट तर आहेच, शिवाय अल्कधर्मीही आहे. निसर्गातील बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाहीत. म्हणून नमुन्यातील सगळा डीएनए काढून त्यातील ‘१६ एस’ हे जनुक वाचतात. सुमारे दीड हजार अक्षरांचे हे जनुक जिवाणू आणि आर्किया या दोहोंत असते. अक्षरे मात्र जातीनुसार बदलतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या सूक्ष्मजीवांचा डीएनएवर आधारलेला अभ्यास २००६ मध्येच प्रसिद्ध केला होता.

आज एकाच नमुन्यातून अशा हजारो ओळी मिळतात. त्या गाळणे, सारख्या ओळींचे गट पाडणे आणि मोजणे हे काम संगणकाचे, म्हणजेच डेटा सायन्सचे. पण मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावताना प्रयोगशाळेतला अनुभव लागतो.

एक उदाहरण घेऊ. काही जिवाणूंच्या पेशीत या जनुकाची एकच प्रत असते, ई. कोलायमध्ये सात असतात. एक प्रत असणाऱ्या जातीच्या ७० पेशी आणि सात प्रती असणाऱ्या जातीच्या १० पेशी नमुन्यात असतील, तर तक्त्यात दोघांपुढे ७० हाच आकडा येईल. मृत समुद्रातील हॅलोआर्क्युला मॅरिसमॉर्टुई या जीवाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या एकाच पेशीतील प्रतींमध्ये सुमारे पाच टक्क्यांचा फरक आढळतो. तीन टक्क्यांहून अधिक फरक म्हणजे निराळी जात, हा नेहमीचा नियम लावला तर संगणक एका जीवाचे दोन करून मोजेल.

याहून मोठी चूक संगणकापर्यंत पोहोचण्याआधीच होऊ शकते. हॅलोआर्किया साध्या पाण्यात फुटतात. नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला, तर त्यांचा डीएनए धुवणाबरोबर वाहून जाईल. तक्त्यात मग त्यांच्यापुढे शून्य दिसेल, आणि ते शून्य खोटे असल्याची कसलीही खूण तक्त्यात नसेल. ज्याने हातात नळी धरून असे नमुने धुतले आहेत, त्यालाच तिथे शंका येते. त्यामुळेच अनुभवी माणूस नमुन्यांच्या जोडीने एक रिकामी नळीही सर्व टप्प्यांतून नेतो. तिच्यात जे आढळेल ते रसायनांतून किंवा हातांतून आलेले.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकून डेटा सायन्सकडे वळणाऱ्या तरुणांना वाटते, की प्रयोगशाळेतली वर्षे आता मागे टाकायची. संख्याशास्त्र आणि पायथॉन त्यांना मुळापासून शिकावे लागेल, यात सवलत नाही. वर्ष-दोन वर्षांच्या मेहनतीने ते येतेही. मात्र नमुना कसा घेतला, कशाने धुतला, किती वेळ उघडा राहिला, हे विचारण्याची सवय कोणत्याही संगणकीय अभ्यासक्रमात सहसा लागत नाही. ती त्यांच्याकडे आधीपासून असते. २०२० च्या नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत आले. अशा पाणथळ जागेच्या रक्षणाचे निर्णय तक्ते पाहून घेतले जाणार असतील, तर तो तक्ता करणाऱ्या माणसाला नमुन्याची बाटलीही ओळखता आली पाहिजे.