रोजचं विज्ञान : तेच पाणी, पुन्हा मासा

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई थंड करणारं पाणी फेकून देत नाहीत. गाळून, गार करून पुन्हा फिरवतात. औषध-संशोधनासाठी झेब्राफिश पाळणाऱ्या प्रयोगशाळाही सुट्या काचेच्या टाक्या सोडून याच पद्धतीकडे वळल्या आहेत.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. पाणी स्वच्छ दिसतं, पण हळूहळू विषारी होतं. नव्या रचनेत टाक्यांतलं पाणी सतत वाहून एकत्र येतं. आधी गाळणी विष्ठा अडवते. मग जिवाणूंचा थर अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतो. अतिनील दिवा रोगजंतू मारतो. पाणी सुमारे २८ अंशांवर ठेवून परत टाक्यांत सोडतात. साठलेलं नायट्रेट कमी करायला रोज थोडं ताजं पाणी मिसळतात.

एवढा खटाटोप का? माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांची जोडीदार जनुकं या माशात आहेत, म्हणून औषधांच्या संशोधनात तो वापरतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२२ मध्ये याच माशात, मणक्यांमधल्या झिजलेल्या चकत्या भरून आणणारं प्रथिन दाखवलं. पाण्याचा दर्जा कायम सारखा असेल, तरच माशात दिसलेला फरक औषधाचा की पाण्याचा, हे खात्रीने सांगता येतं.