किल्ल्या कुठे ठेवल्या? : रजोनिवृत्तीच्या काळातील विस्मरण आणि घरचे ताट

दिवाळीच्या आधीचा आठवडा आणि पेढीवर गर्दी. वीस वर्षे उधारीचा हिशेब तोंडपाठ असलेल्या घरच्या मोठ्या सूनबाई एका जुन्या ग्राहकाचे नाव आठवत थांबतात. नाव जिभेवर असते, ओठांवर येत नाही. घरी कपाटाच्या किल्ल्या सापडत नाहीत. गॅसवर दूध ठेवले होते, हे ते उतू गेल्यावरच लक्षात येते. वय ४७. पाळी दोन-दोन महिने लांबते आणि रात्री अंगातून वाफा निघाव्यात तसे होऊन घामाने जाग येते. त्या कोणाला काही सांगत नाहीत. मनात मात्र एक भीती घर करते की आजेसासूबाईंना जडला तसा स्मृतिभ्रंश तर आपल्याला सुरू झाला नाही ना? अशातच घरातले कोणी सहज म्हणून जाते, "राहू द्या भाभी, हिशेब आता मुलगा पाहील."

हे चित्र थोड्याफार फरकाने अनेक व्यापारी कुटुंबांत दिसते. त्या एका वाक्याने स्त्रीच्या हातून केवळ वही जात नाही, तिचा स्वतःवरचा विश्वासही जातो. म्हणूनच या विस्मरणाचे स्वरूप कुटुंबातील प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

धुके येते कोठून?

पाळी सलग १२ महिने आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरीने ४६-४७ च्या आसपास असते. त्याआधीची काही वर्षे संक्रमणाची असतात. या वर्षांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक सावकाश, एका गतीने उतरत नाही. ते कधी चढते, कधी अचानक कोसळते. त्याचे कार्य गर्भाशयापुरते मर्यादित नाही. मेंदूतील स्मरणाचे केंद्र आणि नियोजन करणारा पुढचा भाग, दोन्ही त्याला प्रतिसाद देतात. मेंदूचे इंधन असलेल्या ग्लुकोजच्या वापरातही त्याचा सहभाग असतो. त्याच्या चढउतारात शब्द वेळेवर न सुचणे, लक्ष विचलित होणे, एका वेळी दोन कामे न झेपणे असे अनुभव येतात. यालाच ब्रेन फॉग, म्हणजे मेंदूवरचे धुके म्हणतात.

अमेरिकेत 'स्वॅन' या नावाने हजारो स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास झाला आहे. त्यातील २,३६२ स्त्रियांच्या स्मरणाच्या व विचारगतीच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की माणूस सरावाने सुधारतो. संक्रमणाच्या काळात मात्र ही सुधारणा मंदावलेली दिसली. रजोनिवृत्तीनंतर शिकण्याची गती पुन्हा पूर्ववत झाली. याचा अर्थ, बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत हे धुके विरणारे असते.

स्मृतिभ्रंशाशी त्याची गल्लत करू नये. पन्नाशीच्या आत तो आजार क्वचितच होतो. किल्ल्या कुठे ठेवल्या हे विसरणे वेगळे आणि किल्ली कशासाठी असते हेच न उमगणे वेगळे. नाव तासाभराने आठवले तर काळजीचे कारण सहसा नसते. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचे साधे व्यवहार न कळणे, स्वभावात मोठा बदल होणे किंवा विस्मरण महिन्यागणिक वाढत जाणे, यांपैकी काही दिसल्यास मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावू नये. बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातील शक्ती एकाएकी गेली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आधी तपासणी

सर्व दोष रजोनिवृत्तीच्या माथी मारणेही योग्य नाही. हेच धुके निर्माण करणारी काही कारणे सहज सापडतात आणि सहज बरीही होतात. त्यात पहिले जीवनसत्त्व ब-१२. ते वनस्पतींत नसते; शाकाहारी व्यक्तीला ते दूध, दही, ताक व पनीर यांतूनच मिळते. दुधाचा त्याग केलेल्या किंवा चहापुरतेच दूध घेणाऱ्या स्त्रियांत त्याची कमतरता आढळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताच्या गोळ्या सतत घेणाऱ्यांतही ती संभवते. विस्मरण, थकवा, हातापायांना मुंग्या येणे ही तिची लक्षणे. आंबवलेल्या इडलीने किंवा स्पिरुलिनाने ही उणीव भरून निघत नाही.

दुसरे कारण रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत तो आढळला. संक्रमणकाळात काहींना रक्तस्राव जास्त होतो, त्यामुळे लोह अधिकच घटते. याखेरीज थायरॉइड, रक्तशर्करा आणि जीवनसत्त्व ड यांचीही तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.

औषध घेताना शाकाहारी कुटुंबाने एक चौकशी अवश्य करावी. ब-१२ जीवाणूंच्या साहाय्याने तयार होते. कॅप्सूलचे आवरण मात्र पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. जीवनसत्त्व ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. दगडफुलाच्या जातीपासून केलेले ड-३ देखील मिळते. औषध विक्रेत्याला विचारले की पर्याय सापडतो. नियमाला बाधा येईल या शंकेने औषधच टाळण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

ताटात काय असावे

कंदमुळे वर्ज्य असली तरी मेंदूला लागणारे पोषण जैन ताटात पुरेपूर बसते. अडचण होते ती घाईची आणि उरलेसुरले खाण्याची. घरातील सर्वांना गरम फुलके वाढून झाल्यावर, दुपारी तीनला, चहाबरोबर खाखरा खाऊन वेळ मारून नेणारी गृहिणी अर्धपोटीच राहते.

६० किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. एका वाटी शिजलेल्या डाळीत ६-७ ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, तर १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, शिवाय दूध, दही वा पनीर हवेच. द्विदळाचा नियम पाळणाऱ्या घरात दही न्याहारीला फुलक्याबरोबर घ्यावे आणि डाळ दुपारी ठेवावी, किंवा दही आधी गरम करून मग बेसन घालून कढी करावी. तिथीला हिरवी भाजी नसते. त्या दिवशी मूग, हरभरा, तूर यांतून फोलेट मिळते. एरवी शेवगा, दुधी, मटार, लाल भोपळा, टोमॅटो, पपई यांना स्थान द्यावे. जेवताना लिंबू पिळल्याने किंवा आवळा घेतल्याने लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरच्या चहाने ते अडते, म्हणून चहा तासभर लांबवावा.

चमचाभर भाजलेल्या जवसाची पूड आणि दोन-तीन अक्रोड यांतून ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात. चातुर्मासात सुकामेवा वर्ज्य असेल तर ते इतर महिन्यांत घ्यावेत. मैदा, फरसाण आणि मिठाई यांनी शर्करा झपाट्याने चढते व उतरते. दुपारची सुस्ती आणि गोंधळ त्यामुळे वाढतो. ज्वारी, बाजरी, नाचणी यांनी ती स्थिर राहते.

चौविहार, पाणी आणि तप

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची परंपरा या वयात उपकारक ठरते. झोपेपर्यंत अन्न पचलेले असल्याने पोट जड राहत नाही. मात्र रात्री पाणीही वर्ज्य असल्याने दिवसभराचे पाणी विचारपूर्वक प्यायला हवे. शरीरात पाणी थोडे जरी कमी झाले तरी लक्ष ढळते. दुकानावर उकाळलेल्या पाण्याची भरलेली बाटली गल्ल्याशेजारी ठेवावी आणि ती दुपारपर्यंत संपवण्याचा नेम करावा.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. नवकारशी करणाऱ्या स्त्रीने ती सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारताच पाण्याबरोबर घ्यावी आणि न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी. आयंबिलाची ओळी, अठ्ठाई किंवा वर्षीतप यांचा संकल्प करण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या औषधांची मात्राही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पूर्वी सहज झालेली तपश्चर्या यंदा जड गेली, तर त्यात श्रद्धेची उणीव शोधू नये. शरीराची अवस्था बदललेली असते.

झोप, चालणे आणि वैद्यकीय उपचार

रात्री दोन-तीनदा घामाने जाग आली, तर दुसऱ्या दिवशी कोणाचेही डोके जड होईल. सुती कपडे, हवेशीर खोली, दुपारनंतर चहा-कॉफी बंद आणि ठरलेली झोपेची वेळ यांनी फरक पडतो. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण याही वयाला लागू आहे. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसून काम करणाऱ्यांनी तर ते चुकवूच नये.

वाफा असह्य असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. संप्रेरक उपचार त्यांवर प्रभावी आहे. केवळ स्मरणशक्तीसाठी तो देत नाहीत, आणि स्तनाचा कर्करोग वा रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रियांना तो सहसा वर्ज्य असतो. बुद्धी तल्लख करण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींतील महागड्या डब्यांवर पैसे घालवण्यापेक्षा ते तपासणीवर खर्च करावेत.

रोजमेळाची सवय

व्यापारी घराला एक गोष्ट पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे : व्यवहार स्मरणावर सोडायचा नसतो. कितीही हुशार मुनीम असला तरी त्या दिवशीची रक्कम त्याच दिवशी रोजमेळात उतरते, आणि लिहून ठेवतो म्हणून त्याला कोणी विसराळू म्हणत नाही. तोच न्याय घरातील स्त्रीलाही लावावा. छोटी वही सोबत असावी, किल्ल्यांना एकच खुंटी असावी, कामे एकामागून एक करावीत आणि महत्त्वाचे निर्णय सकाळच्या ताज्या वेळी घ्यावेत.

बाकीचे काम घरच्यांचे. पतीने तपासणीला सोबत जावे. मुलांनी चुकीवर हसू नये. सासूबाईंनी, "मलाही त्या वयात असेच होत होते," एवढे सांगितले तरी अर्धी भीती ओसरते. दोन कामे कमी करून तिला विश्रांती जरूर द्यावी. उधारीची वही मात्र तिच्या हातून काढून घेऊ नये. ज्या ग्राहकाचे नाव आज ओठांवर आले नाही, त्याची तीन पिढ्यांची पत कशी होती, हे त्या घरात तिच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.