वीज गेल्याचा निरोप

उत्तर कोलकात्यातल्या बागबाजाराशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. जेसोरकडून 1871 मध्ये कोलकात्यात आलेली घोष बंधूंची 'अमृत बाजार पत्रिका' याच वस्तीतून निघत असे. लोकमान्य टिळकांवर 1897 मध्ये राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी बंगालमधून पैसा उभा करण्यात या बंधूंचा मोठा वाटा होता. पत्रिका 1991 मध्ये बंद पडली. तिचे जीर्ण अंक कोलकात्याच्या 'सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेस' या संस्थेने ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने डिजिटल स्वरूपात जतन केले.

संस्था जे करतात तेच आता घरोघरी सुरू आहे. आजोबांची पत्रं, लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रं स्कॅन होतात आणि दोन-चार हार्डडिस्क असलेल्या एका लहान पेटीत साठवली जातात. हाच घरचा स्टोरेज सर्व्हर, म्हणजे 'नॅस'. कागदाला वाळवीची आणि दमट हवेची भीती. या पेटीला अचानक जाणाऱ्या विजेची. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ आलं, की कोलकात्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. 20 मे 2020 च्या अम्फान चक्रीवादळानंतर तर शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती.

वीज जाते तेव्हा आत काय घडतं? फाइल कॉपी झाल्याचं स्क्रीनवर दिसलं, तरी ती सगळी डिस्कवर पोचलेली असतेच असं नाही. बहुतेक नॅस लिनक्सवर चालतात. वेग वाढावा म्हणून लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवतं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतं. ही सवड काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत असू शकते. तेवढ्यात वीज गेली, तर मेमरीतलं सगळं पुसलं जातं. फाइल सिस्टिमच्या जर्नलमुळे, म्हणजे बदलांच्या आगाऊ नोंदीमुळे, रचना सावरते, पण अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण होत नाही. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या 'रेड' पद्धतीत आणखी एक धोका आहे. एका डिस्कवर नवा मजकूर गेला आणि त्याच्याशी जुळणारी पडताळणीची नोंद दुसऱ्या डिस्कवर जायच्या आत वीज गेली, तर दोन्हींचा मेळ तुटतो. पुढे एखादी डिस्क निकामी झाल्यावर याच चुकीच्या नोंदीवरून चुकीची माहिती तयार होऊ शकते.

यूपीएस, म्हणजे वीज जाताच बॅटरीवरून पुरवठा चालू ठेवणारं उपकरण, इथे उपयोगी पडतो. घरगुती यूपीएस साधारण 4 ते 10 मिलिसेकंदांत मेनवरून, म्हणजे भिंतीतल्या पुरवठ्यावरून, बॅटरीवर जातो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं असतं आणि सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये एवढा खंड निभावून नेण्यापुरती ऊर्जा असते. त्यामुळे सर्व्हरला काही जाणवत नाही. नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते. सर्व्हरला काहीच जाणवलं नाही, तर तो आपलं लिहिणं चालूच ठेवतो, आणि बॅटरी संपली की तोच अपघात थोड्या उशिराने होतो. म्हणून यूपीएसने विजेबरोबर निरोपही द्यायला हवा: मेन गेली आहे, हातातलं काम पुरं कर आणि नीट बंद हो.

घरात आधीपासून असलेला जुना यूपीएस वापरायचा, तर खरी अडचण या निरोपाच्या भाषेची आहे. सर्वांत जुन्या यूपीएसमध्ये नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असे आणि त्यातल्या काही पिनांवरून 'मेन गेली', 'बॅटरी संपत आली' एवढे दोनच इशारे मिळत. पुढे सीरियल पोर्टवरून संवाद सुरू झाला. एपीसी कंपनीच्या स्मार्ट-यूपीएसला सेकंदाला 2400 बिट या वेगाने 'वाय' हे अक्षर पाठवलं, की तो 'एसएम' असं उत्तर देतो. मेगाटेक पद्धतीच्या यूपीएसला 'क्यू1' पाठवलं, की इनपुट आणि आउटपुट व्होल्टेज, लोडची टक्केवारी, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं व्होल्टेज आणि तापमान अशी सगळी हकिगत एका ओळीत येते. यूएसबीवरून बोलण्याची सामाईक पद्धत 1997 मध्ये ठरली. आजचे नॅस प्रामुख्याने हीच शेवटची भाषा जाणतात.

मग जुना यूपीएस भंगारात काढायचा का? गरज नाही, मध्ये दुभाषा बसवता येतो. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप घ्यावा, यूएसबी-टू-सीरियल अडॅप्टरने त्याला यूपीएस जोडावा आणि त्यावर 'नट', म्हणजे 'नेटवर्क यूपीएस टूल्स', हे मोफत सॉफ्टवेअर चालवावं. एपीसीच्या जुन्या यूपीएससाठी त्यात 'एपीसीस्मार्ट' आणि मेगाटेक पद्धतीसाठी 'नटडीआरव्ही_क्यूएक्स' हा ड्रायव्हर आहे. नट यूपीएसची स्थिती 3493 क्रमांकाच्या पोर्टवरून घरच्या नेटवर्कवर देतं. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या नॅसच्या सेटिंगमध्ये नेटवर्कवरचा यूपीएस निवडण्याची सोय असते. काही नॅसना यूपीएसचं नाव आणि पासवर्ड ठरावीकच लागतात, ते नटमध्ये तसेच द्यावेत. दुभाषा संगणक आणि राउटर हे दोन्ही त्याच यूपीएसवर हवेत. राउटर बंद पडला, तर निरोप पोचणारच नाही.

केबलच्या बाबतीत फार जपायला हवं. एपीसीच्या जुन्या यूपीएसचं पोर्ट साध्या सीरियल पोर्टसारखं दिसतं, पण त्याच्या पिनांची मांडणी वेगळी आहे. साधी केबल लावली, तर यूपीएस तत्क्षणी आउटपुट बंद करू शकतो. अशा यूपीएसला '940-0024सी' या क्रमांकाची किंवा तशीच जोडणी असलेली केबल लागते. पहिली जोडणी करताना यूपीएसवर सर्व्हर ठेवूच नये.

पुढचा प्रश्न बॅटरीचा. लहान यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. गुणाकार केला तर 84 वॉट-अवर होतात, पण ही क्षमता सावकाश, 20 तासांत उपसल्यावर मिळणारी असते. भरभर उपसली तर ती घटते आणि इन्व्हर्टरमध्येही काही ऊर्जा वाया जाते. 25 अंश सेल्सिअसला ही बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं टिकते. तापमान सुमारे 10 अंशांनी वाढलं, की आयुष्य निम्म्यावर येतं. कोलकात्याच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद कपाटातल्या यूपीएसचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो. थकलेली बॅटरी फसवतेही. चार्जिंगवर असताना तिचं व्होल्टेज ठीक दिसतं, यूपीएस 100 टक्के दाखवतो आणि प्रत्यक्ष भार पडताच ती काही मिनिटांत बसते. म्हणून जुन्या यूपीएसच्या 'बॅटरी कमी' या इशाऱ्यावर विसंबू नये. मेन गेल्यावर दोन-तीन मिनिटांत सर्व्हर बंद व्हावा, अशी वेळ ठरवून द्यावी. बदललेली बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडेच परत द्यावी. तिच्यातलं शिसं विषारी असतं आणि ते पुन्हा वापरात येतं.

आणखी एक बारीक अडचण आहे. सर्व्हर बंद झाला, पण बॅटरी संपण्याआधीच मेन परत आली तर? यूपीएसचं आउटपुट मध्ये तुटलंच नाही, म्हणून वीज गेली-आली हे सर्व्हरला कळत नाही आणि तो तसाच बंद राहतो. यावर उपाय असा: सर्व्हर बंद झाल्यावर नटने यूपीएसलाच थोडा वेळ आउटपुट तोडायला सांगायचं आणि मेन स्थिर झाली की पुन्हा द्यायला लावायचं. शिवाय 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हा नॅसमधला पर्याय चालू ठेवायचा.

एवढं सगळं केलं, तरी यूपीएस म्हणजे बॅकअप नव्हे. 13 जानेवारी 2021 रोजी बागबाजारातल्या वस्तीला आग लागून शेकडो लोक बेघर झाले. आग, पूर आणि चोरी यांपुढे यूपीएसचा काही उपयोग नसतो. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर असलीच पाहिजे.

तुमच्या घरी असा सर्व्हर असेल, तर येत्या रविवारी चाचणी घ्या. आधी सर्व्हरऐवजी टेबललॅम्प लावून बॅटरी किती वेळ टिकते ते पाहा. मग सर्व्हर जोडा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग मात्र उपटू नका, कारण बटण बंद केलं तरी अर्थिंग जोडलेलं राहतं. सर्व्हर ठरल्या वेळी स्वतःहून बंद झाला आणि मेन आल्यावर स्वतःहून सुरू झाला, तर तुमचा जुना यूपीएस अजून कामाचा आहे. ही चाचणी दर सहा महिन्यांनी करा. त्यातली एक पावसाळ्यापूर्वी व्हावी.