टीबी : ताट वेगळं नको, भरलेलं हवं

घरात कुणाला टीबी निघाला की सगळ्यात आधी ताट-वाटी-पेला वेगळा होतो. मग अंथरूण, मग खोली. नव्या सुनेला झाला असेल तर थेट माहेरी रवानगी. पण टीबी उष्ट्या-खरकट्यातून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा जंतू हवेतून दुसऱ्याच्या श्वासात जातात. घरच्यांना लागण व्हायची ती बहुधा निदान होण्याआधीच झालेली असते.

याची खातरजमा आपल्याच देशात झाली. १९५६ साली मद्रासमध्ये १९३ गरीब रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी झाली. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी. औषधं तीच, वर्षभर. सॅनेटोरियममध्ये सकस जेवण आणि विश्रांती होती. घरी दाटीवाटी, अपुरं अन्न आणि पोटापाण्याची कामं. तरी बरे होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर त्यांच्यातही टीबी जास्त आढळला नाही.

या अभ्यासाचा अर्धवट अर्थ लावून दुसरा गैरसमज रुजला : गोळ्या चालू असल्या की झालं, खाण्यापिण्याचं एवढं काय? त्याचं उत्तर झारखंडमधून आलं. ‘रेशन्स’ नावाच्या तिथल्या अभ्यासात सगळ्याच रुग्णांना शिधा मिळत होता, पण घरच्यांना तो एकाच गटात दिला : प्रौढ माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला होता. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के कमी दिसला. डाळ-तांदळानं एवढं साधत असेल, तर रुग्णाच्या खात्यात पोषणाचे हजार रुपये टाकून सरकारनं थांबू नये. त्याच्या घरातली सगळी पोटं मोजावीत.

‘रक्त तपासलं, टीबी नाही’ हेही नेहमी ऐकू येतं. टीबीच्या निदानासाठी रक्तातली प्रतिपिंडं पाहणाऱ्या चाचण्या इतक्या बेभरवशाच्या ठरल्या की २०१२ मध्ये भारतानं त्यांच्यावर बंदी घातली. ‘टीबी गोल्ड’ ही रक्तचाचणी वेगळी आहे. ती जंतू शरीरात शिरल्याचं सुचवते, आजार आहे की नाही ते सांगत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायला द्या. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट ही बेडक्याची चाचणी मोफत होते. ती यंत्रात लावल्यावर दोनेक तासांत जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देतील का, दोन्ही कळतं.

सगळ्यात महागात पडतो तो ‘आता बरं वाटतंय’ हा समज. दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते आणि गोळ्या कपाटात पडून राहतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मॉक्सिफ्लॉक्सासिन घालून कोर्स चार महिन्यांवर आणून पाहिला. बेडका नेहमीपेक्षा लवकर स्वच्छ झाला, पण औषध थांबल्यावर आजार जास्त जणांत उलटला. पुढे २०२१ मध्ये चार महिन्यांचा एक कोर्स यशस्वी ठरला, पण त्यातली औषधं निराळी होती. नेहमीच्या औषधांना सहा महिने द्यावेच लागतात.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी तांबूस-केशरी दिसली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.