हक्क शाबूत, खर्च तुमचा

येत्या ३० सप्टेंबरला हाइड दुरुस्तीला पन्नास वर्षं पूर्ण होतील. वॉशिंग्टनमध्ये एक बाजू आभाराच्या प्रार्थना करेल, दुसरी निदर्शनं करेल. डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या आमच्या मराठी ग्रुपवर बहुधा दिवाळीच्या कार्यक्रमाची वर्गणी मागितली जात असेल. त्यांना तरी काय बोलावं? कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं टेबल सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली नसती, तर मलाही हे हाइड कोण ते ठाऊक नसतं.

हाइड दुरुस्ती म्हणजे स्वतंत्र कायदा नव्हे. केंद्राच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकाला चिकटवलेलं ते एक कलम आहे. मेडिकेड ही गरिबांसाठीची आरोग्य योजना केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात. तिच्यातला केंद्राचा पैसा गर्भपातावर खर्चायचा नाही, एवढंच त्यात म्हटलंय. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने रो खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्यानंतर तीनच वर्षांत इलिनॉयचे नवखे खासदार हेन्री हाइड यांनी हेरलं की हक्क काढून घेता येत नसेल, तर निदान त्याचे पैसे तोडता येतात. आपल्याला खरं तर श्रीमंत-गरीब सगळ्याच बायकांना अडवायचंय, पण हाताशी मेडिकेडचंच विधेयक आहे, हे त्यांनी सभागृहात लपवलंही नाही. तोवर मेडिकेड वर्षाला सुमारे तीन लाख गर्भपातांचा खर्च उचलत होतं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड, म्हणजे आमच्या ग्रँड रॅपिड्सचेच, यांनी ते विधेयक परत पाठवलं खरं, पण खर्च फार होतो म्हणून. काँग्रेसने त्यांना न जुमानता ते मंजूर केलं.

१९७७ साली दुरुस्ती लागू झाली आणि त्याच ऑक्टोबरात टेक्ससच्या मॅकॅलनमध्ये २७ वर्षांची एक बाई स्वस्तातल्या, चोरीछुपे केलेल्या गर्भपातानंतर जंतुसंसर्गाने दगावली. मेडिकेडचं कार्ड तिच्याकडे होतं. शिक्षिका व्हायला शिकत होती. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हाइड दुरुस्ती वैध ठरवली. युक्तिवाद असा की बाईच्या वाटेत आहे ती गरिबी, आणि गरिबी काही सरकारने निर्माण केलेली नाही. कायद्याची पदवी नसलेल्या माणसाला हे वाक्य सुचलं असतं का, याची मला शंका आहे.

पुढची तीसेक वर्षं मी भराभर उलटते, कारण त्यांत दर साल तेच आहे. विधेयक येतं, कलम चिकटतं, सही होते. १९९३मध्ये बलात्कार आणि सख्ख्या नात्यातला अत्याचार हे अपवाद घातले गेले, ते टिकले. राज्यांना स्वतःच्या तिजोरीतून खर्च करायची मुभा होती. काहींनी केला, बहुतेकांनी हात वर केले. मिसुरीने तर १९८३ सालीच खासगी विम्यातूनही गर्भपात वगळला. मिशिगन आपल्या पैशातून खर्च करत होतं, पण १९८८ साली मतदारांनी कौल देऊन तेही बंद पाडलं. म्हणजे मी इथे येऊन बर्फ उपसायला शिकले, त्याच्या कितीतरी आधीच या राज्यातल्या गरीब बाईचा प्रश्न निकालात निघाला होता.

माझं दशक सुरू होतं ते बार्ट स्टुपॅक यांच्यापासून. मिशिगनच्या उत्तर टोकाचे, अप्पर पेनिन्सुलाचे डेमोक्रॅट खासदार. नोव्हेंबर २००९मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याला त्यांनी दुरुस्ती जोडली, की सरकारी अनुदान घेणाऱ्या विमा योजनेत गर्भपात नको. ती २४० विरुद्ध १९४ मतांनी सभागृहात संमतही झाली. शेवटच्या मसुद्यात ती राहिली नाही, पण तिच्या जागी नेब्रास्काचे सिनेटर बेन नेल्सन यांची तडजोड आली. राज्यांना आपापल्या विमा बाजारात गर्भपाताचं संरक्षण बंद करायची मोकळीक मिळाली. जिथे ते चालू राहील तिथे त्याचा हप्ता, महिना निदान एक डॉलर, वेगळा घ्यायचा आणि वेगळ्या खात्यात ठेवायचा. मार्च २०१०मध्ये ओबामांनी वर कार्यकारी आदेश काढून हाइडला हात लावणार नाही अशी ग्वाही दिली. हे सगळं डेमोक्रॅटिक पक्षाच्या भरभक्कम बहुमताच्या काळातलं. रिपब्लिकनांनी निदान तोंडावर तरी विरोध केला.

मग मिशिगनने कडी केली. खासगी विम्यातही गर्भपाताचं संरक्षण मूळ पॉलिसीत असता कामा नये, हवं असेल तर वेगळा रायडर आधीच विकत घ्या, असं विधेयक २०१२च्या डिसेंबरात आलं. गव्हर्नर रिक स्नायडर हे रिपब्लिकन, पण त्यांनी ते फेटाळलं. बलात्कारितेलाही अपवाद नाही हे त्यांना पटलं नव्हतं. राइट टू लाइफ ऑफ मिशिगन या गर्भपातविरोधी संघटनेने मग तीन लाखांवर सह्या गोळा केल्या. इथल्या घटनेत एक खुबी आहे: सह्यांच्या जोरावर आलेला प्रस्ताव कायदेमंडळाने मंजूर केला, तर गव्हर्नरच्या सहीची गरजच उरत नाही. साधारण कोटीभर लोकांच्या राज्यात तीन लाख सह्यांवर काम झालं.

११ डिसेंबर २०१३. सिनेटमधल्या विरोधी पक्षनेत्या ग्रेचेन व्हिटमर यांनी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि कॉलेजात असताना आपल्यावर बलात्कार झाला होता, हे भर सभागृहात सांगितलं. वीस वर्षांहून जुनी गोष्ट, आणि जाहीरपणे त्या ती पहिल्यांदाच बोलत होत्या. मी ते कचेरीतल्या संगणकावर आवाज बारीक करून पाहिलं. २७ विरुद्ध ११ने विधेयक मंजूर झालं, मत कुणाचंही हललं नाही. लोकांनी त्याला ‘बलात्कार विमा’ म्हणायला सुरुवात केली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

मार्च २०१४मध्ये कायदा लागू झाला. रायडर मोजक्या कंपन्यांनी काढला, तोही फक्त गट विम्यासाठी. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्या बाईला तो विकायला एकही कंपनी तयार नव्हती. म्हणजे ‘हवं तर विकत घ्या’ असं सांगायचं आणि दुकानच उघडायचं नाही.

गटातली गंमत मी जवळून पाहिली. मोटारींचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी होते. दर नोव्हेंबरात विम्याच्या नोंदणीची बैठक जेवणाच्या खोलीत व्हायची. डोनटचे खोके, कॉफीचा थर्मास, भिंतीवर सुरक्षिततेचं पोस्टर, आणि दलालाने आणलेली चकचकीत पुस्तिका. त्या वर्षी दलालाने मालकाला रायडरचं विचारलं. मी म्हटलं, घ्या, फार काही पडत नाही. मालक म्हणाले, “कुणी मागितलाय का?” कोण मागणार होतं? आपल्या घराला आग लागणार आहे असं सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी लेखी द्यावं, तसलाच हा प्रकार. प्रेसवर काम करणाऱ्या बाईने सुपरवायझरसमोर उभं राहून सांगायचं, की साहेब, मला पुढेमागे गर्भपात लागू शकतो? कुणी मागितला नाही, म्हणून घेतला नाही. फाइल बंद.

वर्षभरात पॅकिंग खात्यातल्या एकीवर वेळ आलीच. बाळ हवं होतं तिला, पाळणासुद्धा आणून ठेवला होता. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळलं की कवटीच तयार झालेली नाही. तिच्या स्वतःच्या जिवाला धोका नव्हता, म्हणून कायद्याच्या अपवादात ती बसत नव्हती. सुरुवातीच्या आठवड्यांत पाचशे-सहाशे डॉलरांत भागतं. इतक्या उशिरा, हॉस्पिटलात, आकडा कुठच्या कुठे जातो. विमा कंपनीचा कागद घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. ‘मंजूर रक्कम’ या रकान्यात शून्य आणि शेवटच्या रकान्यात सगळी बेरीज, वर शीर्षक ‘सदस्याची जबाबदारी’. मी अपील लिहिलं, फोनवर ताटकळले, पुन्हा लिहिलं. उत्तर तेच. हॉस्पिटलने हप्ते बांधून दिले. मालकांनी तिला सहानुभूतीचं कार्ड पाठवलं, सगळ्यांच्या सह्या घेऊन.

आणि हे चालू असताना गणपतीच्या जेवणात एक इंजिनिअर मला पुरणपोळी वाढता वाढता म्हणाले, “आपल्या टॅक्सच्या पैशातून कशाला हो?” त्यांना कोण सांगणार की ते ज्या बड्या कंपनीत आहेत तिचा विमा कंपनी स्वतःच्या निधीतून चालवते, आणि १९७४च्या केंद्रीय कायद्यामुळे अशा योजनांना राज्याचे विमा नियम लागूच होत नाहीत? कायद्याची झळ पोहोचली ती छोट्या कारखान्यांना, दुकानांना, स्वतःचा हप्ता भरणाऱ्यांना. आमच्यातल्या बहुतेकांना ती लागली नाही, म्हणून मंडळाच्या अंकात त्यावर एक ओळही आली नाही. एका संपादकांनी माझा लेख “विषय नाजूक आहे” म्हणून परत केला होता. त्याच अंकात स्थळांच्या जाहिराती चार पानं होत्या.

भारतातल्या वाचकांनी यावर नाक मुरडायचं काम नाही. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री असलेल्या शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१चा कायदा झाला, सरकारी दवाखान्यात गर्भपात फुकट होतो, हे खरं; वर कॉपर-टी बसवून घ्या हा आग्रहही खरा. पण जरा आपली मेडिक्लेमची पॉलिसी उघडा. विमा नियामकाने २०१९मध्ये प्रमाणित करून दिलेल्या वगळण्यांत अठराव्या क्रमांकावर बाळंतपणाच्या सोबतीला कायदेशीर गर्भपातही बसलेला आहे. नोकरीतल्या गट विम्यात प्रसूतीचं संरक्षण असलं तरी पहिल्या बारा आठवड्यांतला स्वेच्छेचा गर्भपात वगळण्याची तरतूद अनेकदा असते. गर्भपात होतात ते बहुतांशी याच आठवड्यांत. तिकडे यावर सह्या गोळा कराव्या लागल्या नाहीत आणि कुणी भाषणही केलं नाही.

मिशिगन सरोवराच्या पलीकडे, खुद्द हाइड यांच्या इलिनॉयमध्ये, सप्टेंबर २०१७मध्ये ब्रूस राउनर या रिपब्लिकन गव्हर्नरने मेडिकेड आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्यात गर्भपात घेणाऱ्या विधेयकावर सही केली. त्याच वर्षी ते फेटाळायची भाषा करत होते. पुढे पक्षातल्यांनी त्यांना याबद्दल माफ केलं नाही. आमच्याकडे तोवर ‘योग्य वेळ’ यायची होती.

ती आली २०२२मध्ये, रो निकाल मोडीत निघाल्यावर. नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी सुमारे ५७ टक्के मतांनी हा हक्क राज्यघटनेत घातला. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे आली. ११ डिसेंबर २०२३ला, त्या भाषणाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, गव्हर्नर व्हिटमर यांनी रायडरचा कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. मला मनापासून बरं वाटलं.

पण त्याच गठ्ठ्यात मेडिकेडवरची १९८८ची बंदी उठवायचंही ठरलं होतं. प्रतिनिधीगृहात बहुमत ५६ विरुद्ध ५४, एक मत गळलं की संपलं. ते गळलं डेट्रॉइटमध्येच: डेमोक्रॅट सदस्य कॅरन व्हिटसेट यांनी ठाम नकार दिला आणि नेत्यांनी ते कलम मुकाट काढून ठेवलं. राज्यातल्या सर्वांत गरीब शहरांपैकी एकाच्या प्रतिनिधीने गरिबांचा खर्च अडवला आणि बाकीच्यांनी फोटोसाठी रांग लावली. पुढे त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता २०२५-२६. ४ जुलै २०२५च्या केंद्रीय कायद्याने गर्भपाताबरोबर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहूड या संस्थेचे मेडिकेडचे पैसे वर्षभरासाठी तोडले. गर्भपाताला केंद्राची दमडी आधीही मिळत नव्हती. या वेळी कर्करोगाची तपासणी आणि गर्भनिरोधकंही त्यात गेली. स्टुपॅक यांच्या जुन्या मतदारसंघातलं मार्केट शहरातलं त्या संस्थेचं केंद्र त्याच वर्षी वसंतात बंद झालं होतं. डिसेंबरात आरोग्य विम्याची वाढीव अनुदानं संपत होती, तेव्हाच्या वाटाघाटींतही हाइडचं नाव निघालंच.

हाइड दुरुस्ती राज्यघटनेत नाही. ती दर वर्षी नव्याने घालावी लागते, म्हणजे दर वर्षी गाळताही येते. डेमोक्रॅटांकडे १९९३, २००९ आणि २०२१ साली दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षपद होतं. बायडन यांनी २०२१मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पातून ती वगळलीही, काँग्रेसने परत घातली. नोकरीवाल्या बाईचा विमा दहा वर्षांत परत मिळवता आला, कारण ती देणग्या देते, पत्रं लिहिते, मतदानाला हमखास जाते. मेडिकेडवाली दोन पाळ्यांत काम करते आणि तिच्यासाठी कुणी सह्या गोळा करत नाही. म्हणून एक्कावन्नाव्या वर्षीही ते कलम चिकटेल याची मला खात्री आहे. आणि ते चिकटवणाऱ्यांत आम्ही मतं दिलेली माणसंही असतील.